हौसाबाईचा टाक

आमच्या दुकानात देव उताणे पडलेले असत. खंडोबाच्या शेजारी चहाची कपबशी, जोतिबाच्या घोड्यावर कानशीची भुकटी आणि यल्लमाच्या अंगावर माझा चष्मा. नवं गिऱ्हाईक पायरी चढून आत आलं की आधी हे बघून दचकायचं. एका शिक्षिकाबाईंनी तर मला चारचौघांत झापलं होतं, देवाला असं ठेवतात का म्हणून. मी म्हटलं, "बाई, हा अजून देव नाही, पत्रा आहे. देव होईल तेव्हा मीच उठून बाजूला होईन." त्यांचं काही समाधान झालं नाही. दुसऱ्या दुकानात गेल्या.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, मी जन्मभर टाक केले. टाक म्हणजे काय, हे दिवाळी अंक वाचणाऱ्या सगळ्यांनाच आता ठाऊक असेल असं नाही, म्हणून सांगतो. पातळ चांदीचा पत्रा पितळी ठशावर ठेवायचा, वर शिशाचा ठोकळा धरायचा आणि हातोडीनं ठोकायचं. मूर्ती उठून येते. मागून तांब्याचा पत्रा लावून कडा मुडपायच्या आणि रिठ्याच्या पाण्यात घासून उजळायचं. झाला टाक. घराण्याचे जेवढे देव तेवढे टाक देव्हाऱ्यात बसतात. पूजा करणाऱ्यांच्या बोटांनी वर्षानुवर्षं झिजतात, मग नवे करायला आमच्याकडं येतात.

डोळे मात्र शेवटी. माझ्या वडिलांची ती रीत होती. टाक न्यायच्या दिवशी ज्याच्या हातून पूजा व्हायची ते माणूस समोर बसणार, देवाचं नाव घेणार, आणि आम्ही बारीक कलमानं दोन ठिपके उठवणार. तेवढं झालं की पत्रा संपला. मग कपबशी उचलायची, पाय पोटाशी घ्यायचे आणि टाक पुन्हा जमिनीवर ठेवायचा नाही.

ठसे कोरायचे दस्तगीरभाई. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, माझ्याच दुकानात खिडकीपाशी त्यांची बैठक. ठसा उलटा कोरावा लागतो, मूर्तीचा उजवा हात ठशात डावीकडं, उठावाच्या जागी खड्डा. ते काम बघत बसलं की माझं डोकं गरगरायचं. अर्ध्या जिल्ह्याची अंबाबाई त्यांच्या हाताखालून गेलेली, पण एकाही ठशात त्यांनी डोळे कोरले नाहीत. तिथली जागा गुळगुळीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अण्णा, लुगडं नेसवतो, घोडा देतो, तलवार देतो. पर कयामतच्या दिवशी मला इचारतील, केलंस न्हवं, आता घाल ह्यात जीव. मी काय सांगू? म्हणून डोळं तुमच्याकडं." त्यांचा नियम आणि माझा नियम त्याच दोन ठिपक्यांवर येऊन थांबत होता, त्यामुळं आमचं कधी वाजलं नाही.

या धंद्यात माणूस देवभोळा होतो असं लोकांना वाटतं. माझं उलटं झालं. मी दर चार दिवसांनी हबकत राहिलो. शिरोळचे एक जैन व्यापारी पद्मावतीची चांदीची प्रतिमा करून घ्यायला आले होते. गप्पांच्या ओघात मी विचारलं, तीर्थंकरांना सोडून देवीकडं कसं काय? ते शांतपणे म्हणाले, "तीर्थंकरांकडं मागायचं कसं? ते सगळ्यातनं सुटलेत. त्यांना आपलं ऐकायचंच नसतंय. मागायचं ते हिच्याकडं." न ऐकणाऱ्या देवापुढं हा गृहस्थ रोज पहाटे उभा राहतो, आणि त्यात त्याला काही कमी वाटत नाही. मला दोन दिवस ते पचलं नाही.

दुसरे एक गडहिंग्लजकडचे शिक्षक. त्यांच्या घरानं धम्म घेतला होता. आजोबांचे टाक फडक्यात बांधून घेऊन आले आणि म्हणाले, वितळवा आणि मुलीला पैंजण करा. देव मोडायचा तर आधी डोळे पुसायचे आणि हात जोडून क्षमा मागायची, ही आमची पद्धत. मी हात जोडले. ते घड्याळ बघत उभे. मला वाटलं, आता देवांना शिव्या देतील. तेही नाही. म्हणाले, "माझा ह्यांच्यावर राग न्हाय. आजोबांनी जन्मभर पुजलं, पण ह्यांच्या देवळाची पायरी आजोबांना कुणी चढू दिली न्हाय. चांदी चांगली हाय. पोरीच्या पायात शोभंल." माझे जोडलेले हात तसेच राहिले.

पण हे सगळं शालन नावाची एक पोरगी दुकानाची पायरी चढायच्या आधीचं. नंतरच्या प्रकारापुढं हे धक्के म्हणजे काहीच नाहीत.

बांगलादेशाची लढाई होऊन गेली होती आणि मोठा दुष्काळ अजून यायचा होता, त्या सुमाराची गोष्ट. कुरुंदवाडकडचं एक कुटुंब आलं. पुढं एक ठणठणीत म्हातारी, मागं तिची लेक आणि सगळ्यांत मागं जावई. लेकीचं नाव शालन. पोटुशी होती आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. ती आईला अव्वा म्हणत होती, तेव्हा माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं हे कळलं. जावई आत आलाच नाही. पायरीवर आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"पावणं, सवतीचा टाक करून पायजे," म्हातारी म्हणाली.

ही चाल आता मागं पडली आहे. पहिली बायको कुंकवासकट गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीचा टाक देव्हाऱ्यात ठेवायचा. रोज आधी तिला कुंकू लावायचं, मग स्वतःला. तिची वासना संसारात अडकलेली असते, ती शांत राहावी म्हणून. जिवंतपणी जिचं तोंड बघवलं नसतं तीच बाई मेल्यावर देवी होऊन घरात बसते. असे टाक मी पुष्कळ केले होते आणि दर वेळी मनातल्या मनात हसलो होतो.

इथं हसण्यासारखं काही नव्हतं. शालनची दोन मुलं जन्मतःच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस होते. गावातल्या देवऋष्यानं सांगितलं होतं, पहिली बायको मुलं नेते आहे, तिचा टाक बसवल्याशिवाय हेही राहणार नाही. म्हातारी हे सांगत होती आणि शालन पोटावर पदर घट्ट ओढून घेत होती, जणू कुणी आताच हात घालणार आहे.

सवाष्णीचा ठसा आमच्याकडं एकच. अंगभर लुगडं, कपाळाला कुंकू, दोन्ही हात समोर धरलेले. कितीतरी घरांतल्या बाया त्याच ठशातून निघालेल्या. म्हणून वडील त्यात गेलेल्या बाईची एखादी खूण घालायचे; कुणाच्या गालावर तीळ, कुणाच्या गळ्यात पुतळ्यांची माळ. मी जावयाला विचारलं, "तिची खूण काय?"

"कशाला पायजे?" तो वळलाही नाही.

"सांगा की, जावई," म्हातारी कडाडली. "पोरगी काय भलत्याच बाईला कुकू लावत बसंल?"

त्यानं पायातली चप्पल पायरीवर घासली. मग म्हणाला, "डाव्या हाताची करंगळी न्हवती. चरकात गेलती. नाव हौसा."

"कशानं गेली?"

"पुरात. घाटावर लुगडं गावलं नुस्तं. बाई गावली न्हाय."

एवढं बोलून तो पायरी उतरून रस्त्यावर गेला. मी दस्तगीरभाईंकडं बघितलं. त्यांचा कलम पितळेवर थांबला होता. करंगळी नसलेला एक डावा हात आम्ही दोघंही कित्येक वर्षं बघत होतो. आमच्याकडं रिठे आणून टाकणारी बाई होती. गुजरीतली सगळी दुकानं तिला रिठेवाली आक्का म्हणायची. तिचं नाव काय, गाव कुठलं, कुणी कधी विचारलं नव्हतं. उसाच्या पट्ट्यात चरकात बोटं गेलेल्या बाया कमी नसतात, असं मी मनाला समजावलं आणि त्यांना टाक तयार झाल्यावर न्यायला यायचा दिवस सांगितला.

टाक केला. कानशीनं डाव्या हाताची करंगळी काढून टाकली. डोळ्यांविना ती बाई माझ्या पाटावर उताणी पडून राहिली, आणि या खेपेला मात्र तिच्या शेजारी कपबशी ठेवायचं मला धाडस झालं नाही.

आक्का आठवड्याच्या बाजाराला आली. पोत्यातले रिठे टोपलीत ओतून ती निघाली तेव्हा मी मागून नुसतं म्हटलं, "हौसाबाई."

चटका बसावा तशी ती वळली. मी हातोडी खाली ठेवली. कारण आता बोलणं भाग होतं.

"त्यो आलाय?" तिनं पहिलं हेच विचारलं. आणि दाराकडं बघितलं.

मी म्हटलं, तो नाही, कुणी नाही, आत बसा. मग सगळं सांगितलं. ती ऐकताना पाटावरच्या टाकाकडं बघत होती. हात पुढं करून तिनं तो उचलला, उजेडाला धरला. "ही मी?" म्हणाली. "एवढी देखणी कवा हुतो मी?" (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' असंच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.) मी देवऋष्याचं बोलणं सांगितलं तेव्हा मात्र तिच्या हातातून टाक सुटला. 

"मी ल्येकरं खातो?" तिनं मला विचारलं. मग दस्तगीरभाईंना विचारलं. "दादा, मी ल्येकरं खातो? मला पोर झालं न्हाय म्हणून मारलं त्येनं. वांझ म्हणून मारलं. पाणी चढलं त्या दिशी लुगडं घाटावर टाकलं आणि पावसात चालत सुटलो. मेलो म्हणून सुटलो. आता मेल्यावर म्हणत्यात, ल्येकरं खाती."

दस्तगीरभाईंनी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अण्णा, हे काम सोडा. मेलेल्या माणसाचं तुमी काय करता, ते तुमचं तुमी बघा, मी कधी बोललो न्हाय. पर जित्या माणसाला देव म्हणायचं? ठसा माझा हाय. मला बी जबाब द्यायचा हाय."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पण टाक नाकारायचा तर कारण सांगायला हवं होतं. कारण सांगितलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी गुजरीत येऊन हौसाबाईला केसांना धरून नेणार. नाही सांगितलं तर ते कुटुंब दुसऱ्या दुकानात जाऊन टाक करून घेणार. मी आयुष्यात इतका अडकलो नव्हतो. सुटका हौसाबाईनंच केली. पुढच्या बाजाराला येऊन म्हणाली, "डोळं उघडायच्या दिशी पोरगी येणार न्हवं? मला बोलवा. मी तिला सांगतो, म्या न्हाय न्हेली तुजी ल्येकरं. एवढं तिला कळलं म्हंजे झालं. त्येला न कळू दे."

मला वाटलं, किती सोपं. पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, हौसाबाईवरचा आळ जाईल, टाकाची गरजच उरणार नाही. दस्तगीरभाईही खूश झाले.

ठरल्या दिवशी मायलेकीच आल्या. जावई घाबरून घरीच राहिला होता, असं म्हातारी तोंड वाकडं करून म्हणाली. शालनला चालवत नव्हतं, म्हणून तिला माझ्या दुकानात बसवून म्हातारी अंबाबाईची ओटी भरायला देवळात गेली. मी समोरच्या दुकानात बसलेल्या हौसाबाईला खूण केली.

ती आली आणि शालनच्या पुढ्यात बसली. शालनच्या समोर पांढऱ्या फडक्यावर टाक होता. हौसाबाईनं काही न बोलता आपला डावा हात टाकाशेजारी पालथा ठेवला. शालननं टाकाच्या हाताकडं बघितलं, मग त्या हाताकडं. पुन्हा टाकाकडं.  भिंतीला पाठ टेकेपर्यंत ती मागं सरकली.

"भिऊ नगंस," हौसाबाई म्हणाली. "हात लाव. ऊन हाय का बघ."

शालननं बोटाचं टोक लावलं. मग सगळा तळहात ठेवला. 

"मी हौसा. मी मेलो न्हाय, पोरी. तुजी ल्येकरं मी न्हेली न्हाईत. त्या देवऋष्याला काय कळतंय? मी हितं रिठे इकतो."

मी शालनच्या चेहऱ्याकडं बघत होतो. आता रडेल, हसेल, बाईच्या गळ्यात पडेल अशी माझी कल्पना. तसं काहीच झालं नाही. तिचा चेहरा आधी होता त्याहून पांढरा पडला. तिनं विचारलं, "मग माझी ल्येकरं कुणी न्हेली?"

याचा विचार आम्हा तिघांतल्या एकानंही केला नव्हता.

"तुमी न्हेली असं कळलं तवा मला बरं वाटलं हुतं, आक्का," ती म्हणाली. "म्हटलं, तुमचा राग हाय. माणसाचा राग जातोय की. रोज कुकू लावीन, निवद दावीन, पाया पडीन, मग हे तरी ऱ्हाईल. आता तुमी न्हाईसा म्हणता. तर मग कोण? मी कुणाच्या पाया पडू?"

 इतकी वर्षं मी देव करत होतो आणि लोक ते कशाला नेतात हे मला त्या दिवशी कळलं. या पोरीला मुलं नेणारी देवी चालत होती. कुणीच नेत नाही, हे तिला चालत नव्हतं. खिडकीपाशी दस्तगीरभाई हात मांडीवर ठेवून बसले होते.

हौसाबाईनं आपला पालथा हात उचलून घेतला. मग उठली, तिच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकून बसली आणि अगदी सावकाश बोलली.

"बरं. मीच न्हेली, असं समज. राग हुता माझा. आता न्हाय. पर माझी एक अट हाय."

"काय?"

"ह्या खेपंला बाळातपण गावात करायचं न्हाय. हितं यायचं, सरकारी दवाखान्यात. आधी येऊन नाव घालायचं, डॉक्टरीण म्हणंल तवा तपासून घ्यायचं."

"अव्वा ऐकायची न्हाय. त्यास्नी बी पटायचं न्हाय."

"माझं नाव सांग. म्हण, सवत सपनात आली. म्हणली दवाखान्यात जा, न्हाईतर..." इथं तिनं शालनच्या पोटाकडं बघितलं. "न्हाईतर हे बी न्हेतो."

 ज्या आळावरून ही बाई इतके दिवस जळत होती, तोच आळ तिनं स्वतःच्या हातानं उचलून डोक्यावर घेतला होता. आणि माझ्याकडं वळून रिठे मोजून घ्या म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "अण्णा, उघडा डोळं. म्हातारी यील एवढ्यात."

दस्तगीरभाई उठले. मला अडवतील असं वाटलं. त्यांनी चपला पायात घातल्या, हौसाबाईपाशी क्षणभर थांबले आणि "अल्ला तुमचं भलं करो, बाई," एवढंच म्हणून पायरी उतरून गेले.

शालननं हात जोडले. टाकाकडं बघू की शेजारी बघू, असं तिचं झालं होतं. शेवटी डोळे मिटून तिनं नाव घेतलं, "हौसाबाई." शेजारून हौसाबाईनं सवयीनं "ओ" दिली. माझी नजर कलमावरून उडाली. डाव्या डोळ्याचा ठिपका किंचित खाली गेला तो कायमचाच. वडिलांच्या रीतीप्रमाणं मी कपबशी उचलली, पाय पोटाशी घेतले. पण नमस्कार करायची वेळ आली तेव्हा तो कुठल्या दिशेला करायचा ते मला समजेना. मी टाकातली आणि शेजारची, त्या दोघींच्या मधल्या भिंतीला नमस्कार केला.

सवतीचा निरोप म्हातारीनं मुकाट्यानं मानला. जावयानं तर बैलगाडी आणि एस.टी. दोन्हीची सोय स्वतः केली, इतका तो धसकला होता. मुलगी झाली. जगली. डॉक्टरीणबाईंनी काय ते कारण सांगितलं होतं, रक्ताचं काहीतरी, आणि वेळेवर आलात म्हणून निभावलं असंही सांगितलं होतं. म्हातारीनं ते ऐकून घेतलं आणि गावी जाऊन टाकाला नवं कुंकू लावलं. हौसाबाईनं मुलीला एकदाच मांडीवर घेतलं, आमच्या दुकानात, म्हातारी जवळ नसताना.

आता वाचकांना एक चाल आणखी सांगितली पाहिजे. पितृपंधरवड्यात नवमीला कुंकवासकट गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. गावाकडं तिला अहेव नवमी म्हणतात. दुसऱ्याच वर्षी त्या दिवशी शालन गावातलं सगळं उरकून डबा घेऊन कोल्हापूरला आली आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं हौसाबाईचं पान मांडलं. मी हादरलो. मी म्हटलं, "हौसाबाई, हे तुमच्याच नावाचं जेवण आहे. स्वतःच्या म्हाळाला कोण जेवतं?"

"वरणात मीठ कमी हाय," ती शालनला म्हणाली. "मेल्यालं माणूस सांगत न्हाय म्हणून सांगून ठेवतो. फुडल्या साली बघ."

दर साल हे चाललं. मला सवय होईल असं वाटायचं, ती काही झाली नाही. पान वाढलेलं बघितलं की दर खेपेस मी उठून पुढं दुकानात जाऊन बसायचो. मग तो माणूस गेला. नवरा गेला की नवमी बंद होते, सवाष्ण जेवायचा प्रश्नच उरत नाही. तरी शालन आली. दोघींची कपाळं मोकळी होती. त्या वर्षी शालननं एकाऐवजी दोन पानं मांडली आणि दोघी जेवल्या. कुणाच्या नावानं, ते मी विचारलं नाही. दस्तगीरभाई तोवर राहिले नव्हते. असते तर त्यांनीही विचारलं नसतं.

हौसाबाई गेली ती पंच्याऐंशी सालाच्या आगेमागे. छातीचं दुखणं होतं. सरकारी दवाखान्यात होती आणि शालन गावाहून येऊन तिच्या उशाशी राहिली. नात्याच्या रकान्यात तिनं बहीण असं लिहून दिलं होतं, हे मला नंतर तिथल्या नर्सकडून कळलं. पंचगंगेवर सगळं उरकून शालन सरळ माझ्या दुकानात आली. ऐन दुपार होती. मी आपला धंद्यातलं बोललो.

"शालन, तो टाक घेऊन ये. झिजला असेल. नवा उजळा देतो, डोळाही नीट करतो. आता तो खरा झाला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

"त्येचा न् हिचा काय संबंध, अण्णा?"

"म्हणजे? हौसाबाईचाच ना टाक?"

"टाकातली देव हाय. तिनं माझी दोन न्हेली आणि एक दिली. तिला मी भितो. रोज पाया पडतो, आन् भितो." तिनं नदीच्या दिशेनं हात केला. "ही माझी आक्का हुती. हिला मी कवा भ्यालो न्हाय. हिचा टाक करायचा न्हाय, हिला कुकू लावायचं न्हाय, हिला निवद दावायचा न्हाय. सांगून ठेवतो तुमास्नी."

"मग तिच्यासाठी करणार काय तू?" मी विचारलं. माझं आयुष्य ज्यात गेलं त्याखेरीज मेलेल्या माणसासाठी आणखी काय करता येतं, हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"रडणार की," शालन म्हणाली. "देवासाठी कोण रडतंय?"

आणि ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला न लावता, भर गुजरीत मोठमोठ्यानं रडायला लागली. समोरच्या दुकानांतले लोक बाहेर आले. कुणीतरी विचारलं, कोण गेलं?

"माणूस गेलं," मी म्हणालो.